उड्डाणाआधीची आठ वर्षं

२२ जून २०१६ च्या सकाळी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३४ झेपावलं तेव्हा त्याच्या माथ्यावर २० उपग्रह होते. त्यांतला थोरला कार्टोसॅट सातशे किलोंच्या वरचा. अगदी धाकट्यांपैकी एक होता पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी बांधलेला ‘स्वयम्’. त्याचं वजन किलोभरही नव्हतं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत अभिमानाच्या बातम्या आल्या, आणि त्या यायलाच हव्या होत्या. पण या प्रकल्पाचं काम सुरू झालं होतं २००८ मध्ये, आणि इंजिनिअरिंगची पदवी असते चार वर्षांची. ज्यांनी पहिलं रेखाटन कागदावर काढलं ते उड्डाणाच्या कितीतरी आधी कॉलेज सोडून गेले होते. ज्यांनी शेवटच्या चाचण्या केल्या ते प्रकल्प सुरू झाला तेव्हा शाळेत होते.

तरुणांना अंतराळ उद्योगासाठी तयार करणाऱ्या उपक्रमांचा आढावा घ्यायचा तर मला या मधल्या आठ वर्षांपासूनच सुरुवात करावीशी वाटते. उड्डाण काही मिनिटांत उरकतं. अभियंता घडतो तो त्याआधीच्या वर्षांत. त्या वर्षांत नेमकं काय घडतं आणि काय घडायचं राहून जातं, याची चर्चा आपल्याकडे फारशी होत नाही.

स्वयम्‌चं काम ऐकायला सोपं होतं. हॅम रेडिओवरून आलेला संदेश साठवायचा आणि पृथ्वीवरच्या दुसऱ्या ठिकाणावरून जाताना तो खाली द्यायचा. त्यासाठी उपग्रह अंतराळात गिरक्या घेत भरकटून चालत नाही, त्याला काहीतरी दिशा धरावी लागते. मोठ्या उपग्रहात हे काम फिरती चाकं, विद्युतचुंबक आणि त्यांना हुकूम देणारं सॉफ्टवेअर मिळून करतात. सीओईपीच्या चमूने त्याऐवजी कायमचा चुंबक आणि हिस्टेरिसिसच्या सळया वापरल्या. चुंबक पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या रेषेत वळतो आणि सळया उपग्रहाची गिरकी हळूहळू शोषून घेऊन तिची उष्णता करतात. याला वीज लागत नाही, संगणकाची आज्ञा लागत नाही आणि यात बिघडायलाही फारसं काही नाही. विशीतल्या मुलांना सगळं काही अत्याधुनिक हवं असतं. काय वगळायचं हे ठरवणं त्यांना जड जातं, आणि उपग्रहाच्या धंद्यात सगळ्यात आधी तेच शिकावं लागतं. वजन, वीज आणि जागा या तिन्हींचं अंदाजपत्रक ग्रॅम, वॉट आणि मिलिमीटरमध्ये मांडलं की कोणाचा तरी आवडता भाग कापला जातोच. पाठ्यपुस्तकातल्या गणितात ही वेळ कधी येत नाही.

त्याच वर्षी २६ सप्टेंबरला पीएसएलव्ही-सी३५ मधून आयआयटी मुंबईचा ‘प्रथम’ गेला. हा सुमारे १० किलोंचा होता आणि त्याचं काम २००७ मध्ये सुरू झालं होतं, म्हणजे त्याला स्वयम्‌पेक्षाही जास्त वेळ लागला. आयनावरणातल्या इलेक्ट्रॉनांची संख्या मोजणं हा त्याचा हेतू होता. उपग्रहाची रेडिओलहर इलेक्ट्रॉनांच्या थरातून खाली येताना तिच्या ध्रुवीकरणाचं प्रतल वळतं. किती वळलं हे जमिनीवर मोजलं की वाटेत किती इलेक्ट्रॉन लागले याचा हिशेब लावता येतो. जीपीएसच्या अचूकतेला या इलेक्ट्रॉनांचा अडथळा होतो, त्यामुळे हा प्रश्न खरा आणि कामाचा होता.

प्रथमची मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट मात्र उपग्रहात नाही, ती जमिनीवर आहे. हे मोजमाप एकाच जागेवरून करण्यात फारसा अर्थ नव्हता, म्हणून आयआयटीच्या चमूने देशातल्या इतर महाविद्यालयांनाही आपापली ग्राउंड स्टेशन्स उभारायला बोलावलं. ज्या कॉलेजला उपग्रह बांधणं कधीच परवडलं नसतं, तिथल्या विद्यार्थ्यानेही अँटेना बांधली, रिसीव्हर जुळवला आणि उपग्रह डोक्यावरून कधी जाणार याचं गणित मांडलं. इतक्या कमी खर्चात इतक्या मुलांना खऱ्या मोहिमेशी जोडणारी दुसरी रचना आपल्याकडे मला दिसत नाही. ती पुढच्या प्रत्येक विद्यार्थी उपग्रहाची अटच व्हायला हवी होती.

या दोघांच्या आधीची परंपराही लहान नाही. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचा ४० किलोंचा अनुसॅट २००९ मध्ये गेला. पुढच्या वर्षी बंगळुरू आणि हैदराबादच्या सात इंजिनिअरिंग कॉलेजांनी मिळून केलेला स्टडसॅट गेला, तोही किलोच्या आतलाच. २०११ मध्ये आयआयटी कानपूरचा जुगनू आणि एसआरएम विद्यापीठाचा एसआरएमसॅट एकाच प्रक्षेपकावरून गेले. पुढे सत्यभामा विद्यापीठ, बंगळुरूचं पीईएस आणि कन्याकुमारीकडचं नूरुल इस्लाम विद्यापीठही या यादीत आलं. २८ फेब्रुवारी २०२१ रोजी पीएसएलव्ही-सी५१ मधून ‘युनिटीसॅट’ नावाखाली तीन महाविद्यालयांचे तीन उपग्रह गेले, त्यांतला एक नागपूरच्या रायसोनी इंजिनिअरिंग कॉलेजचा होता. विद्यार्थ्यांच्या उपग्रहांना इस्रोने आपल्या प्रक्षेपकांत जागा दिली आणि तज्ज्ञांचा वेळ दिला. तो वेळ जागेइतकाच मोलाचा होता.

यातलं बरंच काही शक्य झालं ते एका साध्या ठोकळ्यामुळे. १९९९ मध्ये कॅलिफोर्निया पॉलिटेक्निकचे जॉर्डी प्विग-स्वारी आणि स्टॅनफर्डचे बॉब ट्विग्ज यांनी १० सेंटिमीटर बाजूच्या घनाचं माप ठरवलं आणि क्यूबसॅट जन्माला आला. त्यामागचं कारण पूर्णपणे शिक्षकाचं होतं: विद्यार्थ्याच्या शिक्षणाच्या मुदतीतच उपग्रह पुरा व्हावा. माप ठरलं की प्रक्षेपकातून बाहेर ढकलणारी पेटी ठरते, पेटी ठरली की प्रक्षेपकवाल्यांना प्रत्येक वेळी नव्याने शहानिशा करावी लागत नाही, आणि वर्षं वाचतात. ३० जून २००३ रोजी रशियातल्या प्लेसेत्स्कहून पहिले क्यूबसॅट गेले. त्यांतला टोकियो विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचा ‘एक्सआय-४’ वीस वर्षं उलटल्यावरही अंतराळातून बोलत होता.

जपानची गोष्ट इथे थोडी थांबून सांगण्यासारखी आहे. तिथल्या मुलांनी सुरुवात उपग्रहाने केली नाही. ट्विग्ज यांनीच सुचवलेल्या कॅनसॅटने केली. शीतपेयाच्या डब्याएवढ्या जागेत संवेदक, रेडिओ, बॅटरी आणि पॅराशूट बसवायचं, ते छोट्या रॉकेटने वर नेऊन सोडायचं आणि खाली येईपर्यंत माहिती गोळा करायची. १९९९ पासून जपानी विद्यार्थी यासाठी अमेरिकेतल्या नेवाडाच्या वाळवंटात जाऊ लागले. डबा मातीत आपटला तर पुढच्या खेपेला दुसरा करता येतो. त्या मुलांची पुढची पायरी क्यूबसॅट, आणि तिच्या पुढची पायरी म्हणजे कंपनी. टोकियो विद्यापीठात एक्सआय-४ बांधणाऱ्या प्रयोगशाळेतूनच २००८ मध्ये अ‍ॅक्सेलस्पेस ही लहान उपग्रह बांधणारी कंपनी निघाली. पायऱ्या सलग असल्या की माणूस वर चढतो, हे जपानने दाखवलं. आपण पुष्कळदा मधल्या पायऱ्या गाळून थेट कक्षेकडे उडी मारतो, म्हणून आठ-नऊ वर्षं लागतात.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाची बोल्डरमधली एलएएसपी प्रयोगशाळा याच प्रश्नाला वेगळ्या बाजूने भिडते. तिथे विद्यार्थ्यांच्या हाती उपग्रहाचं संचालनही दिलं जातं. १९९८ मध्ये उडालेला एसएनओई उपग्रह बांधण्यात तिथल्या विद्यार्थ्यांनी मोठा वाटा उचलला आणि नंतर तो चालवलाही. परग्रहांचा शोध घेणाऱ्या केप्लर दुर्बिणीला आज्ञा पाठवणाऱ्या कक्षात पदवीचे विद्यार्थी पाळीवर बसत. २००६ मध्ये प्लूटोकडे निघालेल्या न्यू होरायझन्स यानावर विद्यार्थ्यांनी बनवलेला धूलिकण मोजणारा संवेदक आहे. नासाच्या ग्रहमोहिमेवर विद्यार्थ्यांनी बांधलेलं ते पहिलं उपकरण. ज्यांनी तो जोडला ते केव्हाच पदवी घेऊन गेले, तरी नवनव्या तुकड्या त्याची नोंद वाचत राहिल्या. काम हातातून हातात कसं सोपवायचं हे तिथे आधीच ठरवून ठेवलेलं असतं. कोणती वायर कशाला जाते, कोणता दोष केव्हा सापडला, तो कोणी आणि कसा दुरुस्त केला, याची वही नव्या मुलाच्या हाती पडायला हवी. याच प्रयोगशाळेबरोबर, सिंगापूर आणि तैवानच्या विद्यापीठांसह, तिरुवनंतपुरमच्या आयआयएसटीने इन्स्पायरसॅट-१ बांधला आणि तो १४ फेब्रुवारी २०२२ रोजी पीएसएलव्ही-सी५२ मधून गेला. २००७ मध्ये स्थापन झालेली आयआयएसटी ही इस्रोसाठीच अभियंते घडवणारी संस्था. तिच्या विद्यार्थ्यांना परदेशी चमूशी एका वेळापत्रकावर काम करावं लागलं, हा अनुभव मला त्या उपग्रहाइतकाच मोठा वाटतो.

युरोपने आणखी एक वाट काढली. जर्मन आणि स्वीडिश अंतराळ संस्थांच्या रेक्सस-बेक्सस कार्यक्रमात विद्यार्थ्यांचे प्रयोग स्वीडनच्या उत्तरेला, किरुनाजवळच्या एसरेंज तळावरून रॉकेटने किंवा फुग्याने सोडले जातात. निवड, प्राथमिक आराखड्याची परीक्षा (पीडीआर), अंतिम आराखड्याची परीक्षा (सीडीआर), जोडणी, तपासणी, उड्डाण आणि अहवाल हे सगळं दीड वर्षाच्या आसपास आटोपतं. परीक्षा घेणारे प्रत्यक्ष त्या व्यवसायातले अभियंते असतात आणि ते मुलांना सौम्यपणे वागवत नाहीत. एकाच विद्यार्थ्याला सुरुवात आणि शेवट दोन्ही पाहायला मिळतात, म्हणून आपल्या परिस्थितीला मला हा नमुना सर्वांत जवळचा वाटतो. हैदराबादला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं फुगे सोडणारं केंद्र आहे. थुंब्याहून साउंडिंग रॉकेटं १९६३ पासून उडत आली आहेत. साधनं देशात आहेत. त्यांच्याभोवती विद्यार्थ्यांसाठी दरवर्षी न चुकता येणारं वेळापत्रक बांधायचं राहिलं आहे.

रॉकेटच्या बाजूला अमेरिकेतल्या साउथ कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मुलांनी २०१९ मध्ये कमाल केली. त्यांचं रॉकेट १०० किलोमीटरची रेषा ओलांडून गेलं. आपल्याकडे स्फोटक पदार्थ आणि हवाई क्षेत्र यांचे कायदे पाहता कॉलेजच्या मुलांना इतकी मोकळीक मिळणार नाही, आणि सुरक्षेचा विचार केला तर सरसकट मिळूही नये. केंद्र सरकारच्या इन-स्पेस या २०२० मध्ये जाहीर झालेल्या संस्थेने कॅनसॅट आणि मॉडेल रॉकेटच्या राष्ट्रीय स्पर्धा सुरू केल्या, ही त्यामुळेच महत्त्वाची सुरुवात आहे.

आता कटू भागाकडे. अमेरिकेतल्या सेंट लुइस विद्यापीठाचे मायकेल स्वॉर्टवाउट अनेक वर्षं जगभरच्या क्यूबसॅटांची नोंद ठेवतात. विद्यापीठांनी पहिल्यांदाच बांधलेले उपग्रह व्यावसायिक उपग्रहांपेक्षा फार जास्त प्रमाणात निकामी ठरतात, आणि त्यांतले अनेक तर कक्षेत गेल्यावर जमिनीशी एकदाही बोलत नाहीत, असं त्यांच्या नोंदींतून दिसतं. याचं मूळ त्यांना फारसं गूढ वाटत नाही. जोडलेला पूर्ण उपग्रह, उडणार आहे त्याच अवस्थेत, दिवसेंदिवस चालवून पाहायला वेळच उरलेला नसतो. सुटे भाग तपासलेले असतात, पण त्यांचं एकत्र वागणं कोणी पाहिलेलं नसतं. बॅटरी संपत आली की संगणक कसा वागतो? तो अचानक बंद पडून पुन्हा सुरू झाला तर रेडिओ आपोआप चालू होतो का? अँटेना उघडली नाही तर काय करायचं? हे प्रश्न प्रयोगशाळेच्या टेबलावर विचारायचे असतात.

आपल्याकडे हा वेळ दोन ठिकाणी जातो. एक म्हणजे परवानगी. रेडिओची वारंवारिता मिळवण्यासाठी आंतरराष्ट्रीय हॅम संघटनेकडून समन्वय आणि केंद्र सरकारच्या बिनतारी विभागाकडून परवाना लागतो. विद्यार्थ्यांना ही वाट कोणी दाखवलेली नसते, म्हणून पहिली तुकडी ती शोधते आणि दुसरी पुन्हा शोधते. दुसरं म्हणजे तपासणीची साधनं. थर्मोव्हॅक, म्हणजे निर्वातात तापवून आणि गारठवून पाहणारी टाकी, आणि प्रक्षेपकाचे धक्के देणारं व्हायब्रेशन टेबल, ही कोणत्याही एका कॉलेजने विकत घेण्याची गोष्ट नाही. इन-स्पेसने अहमदाबादजवळ बोपलला उभारलेल्या तंत्रकेंद्रात अशा सोयी आहेत. विद्यार्थ्यांच्या चमूंसाठी तिथले ठरावीक आठवडे राखून ठेवले तर कित्येक मोहिमांचं वर्ष वाचेल. पुण्यातही विद्यापीठात इस्रोचा अंतराळ तंत्रज्ञान कक्ष आहे. त्याच्याभोवती पश्चिम महाराष्ट्रातल्या कॉलेजांसाठी असं सामाईक केंद्र उभं राहू शकतं.

अपयशाची लाज बाळगायचं कारण नाही, हे आपल्या देशानेच दाखवलं आहे. आपल्या पहिल्या उपग्रहाची, आर्यभटाची, बांधणी बंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या शेडमध्ये झाली. यू. आर. राव यांच्या हाताखाली काम करणाऱ्या बहुतेकांनी त्याआधी कधी उपग्रह पाहिलेला नव्हता. १९ एप्रिल १९७५ रोजी तो गेला आणि काही दिवसांतच वीजपुरवठ्यातल्या बिघाडाने त्याचे वैज्ञानिक प्रयोग थांबले. ते लोक त्या बिघाडावर काम करून पुढच्या उपग्रहाकडे वळले. विद्यार्थी प्रकल्पात हाच दुवा तुटतो. उपग्रह बोलला नाही की फोटो काढून सोहळा आटोपला जातो. कोणत्या कारणाने बोलला नाही याचा अहवाल पुढच्या तुकडीच्या हाती पडत नाही, त्यामुळे पुढची तुकडी तेच खड्डे पुन्हा खणते.

शाळकरी मुलांसाठीचे उपक्रम वेगळ्या मापाने मोजायला हवेत. इस्रोचा ‘युविका’ हा नववीच्या मुलांसाठीचा कार्यक्रम २०१९ पासून चालतो. ‘आझादीसॅट’मध्ये देशभरच्या ७५ सरकारी शाळांतल्या ७५० मुलींनी भाग घेतला. ऑगस्ट २०२२ मध्ये एसएसएलव्हीच्या पहिल्याच उड्डाणात तो उपग्रह चुकीच्या कक्षेत गेला आणि हातचा गेला, आणि १० फेब्रुवारी २०२३ रोजी त्याची दुसरी आवृत्ती यशस्वीपणे पोहोचली. खेड्यातल्या मुलीला आपण जोडलेली पट्टी अंतराळात गेल्याचा आनंद मिळाला, ही मोठीच गोष्ट आहे. पण जिज्ञासा जागवणं आणि अभियंता घडवणं ही दोन वेगळी कामं आहेत. दोन्हींना एकाच नावाने ‘विद्यार्थ्यांनी बनवलेला उपग्रह’ म्हटलं की पालकांची दिशाभूल होते आणि आठ वर्षं राबलेल्या मुलांवर अन्याय होतो.

गेल्या काही वर्षांत आलेली सगळ्यांत आशादायक गोष्ट म्हणजे ‘पोएम’. पीएसएलव्हीचा चौथा टप्पा मुख्य उपग्रह सोडल्यावर निकामी होत असे. ३० जून २०२२ च्या पीएसएलव्ही-सी५३ पासून त्यावर सौर पट्ट्या, दिशानियंत्रण आणि संदेशवहन बसवून तोच प्रयोगांचा मंच केला गेला. वीज, दिशा आणि रेडिओ तो टप्पा पुरवतो, विद्यार्थ्याने फक्त आपलं उपकरण बनवायचं. आठ वर्षांचं काम त्यामुळे दोन-तीन वर्षांत बसू शकतं. ३० डिसेंबर २०२४ रोजी पीएसएलव्ही-सी६० बरोबर गेलेल्या चौथ्या पोएमवर २४ प्रयोग होते. त्यांत मुंबईच्या अ‍ॅमिटी विद्यापीठाचा पालकाच्या पेशी वाढवण्याचा प्रयोग होता, आणि पुण्याच्या एमआयटी वर्ल्ड पीस युनिव्हर्सिटीचं उपकरणही होतं. एकाच विद्यार्थ्याला कल्पनेपासून कक्षेतल्या आकड्यांपर्यंतचं पूर्ण वर्तुळ पाहू देणारी वाट आपल्याकडे पहिल्यांदाच उघडली आहे. पुढच्या दहा वर्षांत सरकारने एकाच गोष्टीवर पैसा आणि लक्ष द्यायचं म्हटलं तर मी पोएमवरच्या विद्यार्थी जागा वाढवायला सांगेन.

आणि नोकऱ्या? इस्रोची अभियंत्यांची भरती लेखी परीक्षा आणि मुलाखतीतून होते. आयआयएसटीच्या विद्यार्थ्यांना ठरावीक गुणांच्या अटीवर थेट वाट असते. लेखी परीक्षेत थर्मोव्हॅकच्या टाकीजवळ काढलेल्या रात्रींना गुण नाहीत. खासगी कंपन्यांचं मात्र वेगळं आहे. ध्रुव स्पेसच्या संस्थापकाने विद्यार्थीदशेत एसआरएमसॅटवर काम केलं होतं. पिक्सेल ही कंपनी बिट्स पिलानीच्या विद्यार्थ्यांनी स्थापली. उत्तर ठरलेलं असतं तेव्हा परीक्षा पुरते. वेळ कमी, पैसा कमी आणि उपग्रह जायलाच हवा अशी स्थिती असते तेव्हा ज्याने असं काम आधी एकदा केलं आहे तोच लागतो.

या उद्योगातला एक मोठा भाग मात्र कोणत्याच कार्यक्रमाच्या नजरेत नाही, आणि महाराष्ट्राचा सगळ्यांत खरा संबंध तिथेच आहे. प्रक्षेपकांच्या घन इंधनाच्या मोटारींची पोलादी कवचं इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला बनतात. विक्रोळीच्या गोदरेजमध्ये इस्रोसाठी विकास इंजिनं तयार होतात. मॅरेजिंग पोलादाचा सांधा जोडणारा वेल्डर, त्याची एक्स-रे चित्रं वाचणारा निरीक्षक, हजारांश मिलिमीटरवर काम करणारा मशिनिस्ट, यांच्या हातावर प्रत्येक उड्डाण उभं असतं. आयटीआय आणि डिप्लोमाच्या मुलांना कॅनसॅटच्या चमूत, उपग्रहाच्या सांगाड्याच्या कामात, तपासणी केंद्रात जागा देणारा एकही मोठा कार्यक्रम मला आपल्याकडे ठाऊक नाही. पदवीचा विद्यार्थी आराखडा काढतो आणि भाग बाहेरून बनवून आणतो. तो भाग शेजारच्याच आयटीआयमध्ये, त्याच वयाच्या मुलाने, त्याच पीडीआरमध्ये बसून प्रश्न विचारून बनवला असता, तर आराखडा काढणाऱ्यालाही लेथच्या मर्यादा कळल्या असत्या.

शिक्षकांचाही विचार करायला हवा. इस्रोने २०१९ मध्ये बंगळुरूच्या यू. आर. राव उपग्रह केंद्रात ‘उन्नती’ नावाने परदेशी अभियंत्यांना छोटे उपग्रह जोडायला शिकवणारा अभ्यासक्रम सुरू केला. तो अनेक देशांच्या लोकांनी घेतला. तोच अभ्यासक्रम आपल्या कॉलेजांतल्या प्राध्यापकांसाठी, लॅब असिस्टंटांसाठी आणि आयटीआयच्या निदेशकांसाठी दर सुट्टीत घेता येईल. विद्यार्थी चार वर्षांनी जातो, शिक्षक पंचवीस वर्षं राहतो. चमू बदलला तरी दोषांची वही, परवान्यांची वाट आणि चाचण्यांचा शिरस्ता त्याच्याजवळ टिकून राहील. श्रेयांक पद्धतीत या कामाला पूर्ण सत्राचे गुण देण्याची मुभा आता नव्या शैक्षणिक धोरणाने दिलेली आहेच. ते गुण उपग्रह उडाला की नाही यावर न देता पीडीआर, सीडीआर आणि बिघाडाच्या अहवालावर द्यायचे, एवढा निर्णय विद्यापीठांनी घ्यायचा आहे.